तोरणाखालची जागा

आमच्या गावातली दोन घरं तीन पिढ्यांत कशावरही एक झाली नव्हती. मी त्यांना एक केलं. कसं केलं ते सांगते, पण कोणी माझा सत्कार करू नये. पोलीस ठाण्यातून मिळालेल्या शाली आधीच पेटीत पडून आहेत, आणि आमच्याकडे तेवढी थंडीही पडत नाही.

भांडण पोळ्याच्या मानाचं. पोळ्याच्या दुपारी मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सगळ्या गावाचे सजवलेले बैल त्याच्या अलीकडे उभे राहतात. मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग बाकीचे बैल सुटतात, पोळा फुटतो. ही जोडी कुणाची? थोरलं घर म्हणतं आमची, धाकटं घर म्हणतं आमची. मुळात दोघांचा पणजोबा एकच आणि पाटीलकीही एकच होती. ती सरकारने केव्हाच मोडीत काढली, पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध. दर पोळ्याला काठ्या निघायच्या.

माझा नवरा या दोन्हींपैकी कोणत्याच घरचा नव्हता. आमची चार एकर कोरडवाहू, आम्हाला कसला मान? एका पोळ्याला काठ्या निघाल्या आणि हा भला माणूस सोडवायला मध्ये पडला. काठी डोक्यात बसली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. काठी धाकट्या घरच्या कर्त्याची होती, हे मला त्याच संध्याकाळी तीन बायांनी हळूच सांगितलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र कोणालाच काही दिसलं नव्हतं. सगळं गाव तिथे उभं होतं, पण म्हणे सगळे बैलांकडे पाहत होते. तो माणूस सुटून आला आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा तोरणाखाली उभा राहिला. मी घराचं दार लावून बसले होते. त्या दिवशी मी त्याचं वाईट चिंतलं आणि आजही चिंतते.

पुढे काही वर्षांनी गावचं पोलीस पाटलाचं पद बाईसाठी राखीव झालं. दोन्ही घरांनी आपापल्या सुनांना परीक्षेला बसवलं आणि दोघीही आपटल्या. मी बारावी शिकलेली, पास झाले. गावात सुतकासारखी शांतता पसरली. पोळ्याआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिला गेले तर एवढ्या पुरुषांत मी एकटीच बाई. ठाणेदाराने मायेने विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर नाही आले?"

मी म्हटलं, "त्यांना आणायला तुम्हालाच वर जावं लागेल."

त्यानंतर चहा येईपर्यंत कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुरुषांना समजावण्यात अर्थ नव्हता, हे मला ठाऊक होतं. काठ्या पुरुष उचलतात, पण तेल घरातून लागतं. "मान गेला त घरी तोंड दाखवू नका," असं सांगून नवऱ्याला पाठवणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. म्हणून मी दोन्ही घरच्या बायांना शाळेत बोलावलं आणि म्हटलं, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष त्या. थोरल्या घरची सासू म्हणाली, आधी आमी. धाकट्या घरची सून, कर्त्याची बायको, म्हणाली, आधी आमी. बाया शहाण्या असतात आणि त्यांच्या हाती दिलं की जग सुधारतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईला एकदा आमच्या गावात आणायला हवं होतं. शेवटी सासूने विचारलं, "अन् तोरणाजवळ पोलीस पाटील म्हणून कोन उभं राह्यणार?"

"मी," मी म्हटलं.

"रांडमुंड बाई? तोरणाखाली?"

"बैलाईले नजर लागन," धाकट्या घरची सून म्हणाली.

"हाव ना बाई," सासू तिला म्हणाली. दोन घरांतलं पहिलं गोड वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, ते हे.

मी तरीही गेले. जांभळ्या काठाची साडी नेसले आणि तोरणाच्या खांबाला टेकून उभी राहिले. पोळ्यात झडत्या म्हणतात, एकमेकांना टोचणारी गाणी, एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी शेवटी महादेवाचा गजर करायचा. त्या वर्षी धाकट्या घरच्या कर्त्याने कानाला हात लावून सुरू केलं:

"पांढरं कपाय, मोकये हात, तरी हौस नाई फिटली,
नवरा खाऊन रंडकी आता तोरणाखाली नटली!"

आणि गजर कोणी केला? थोरल्या घराने. पोट धरून हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत. माझ्या नवऱ्याला ज्याने मारलं तोच माणूस मी नवरा खाल्ला असं गात होता. मी खांब सोडला नाही. मला शिव्या घालण्यात सगळे इतके रंगले की मानाचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दोन्ही जोड्या घुसल्या, पोळा फुटला आणि एकाही डोक्याला खोक पडली नाही.

ती झडती रचली होती धाकट्या घरच्या सुनेने. त्या घरच्या सगळ्या झडत्या तीच रचते, नवरा नुसता ओरडतो. डोकं आहे बाईला.

मग मीही शहाणी झाले. दरवर्षी साडी अधिक भडक नेसायची, खांबाला टेकायचं, शिव्या खायच्या. ठाण्यात आमच्या गावाचं कौतुक होऊ लागलं. ठाणेदार बदलले तरी शाल तीच. बाया पदावर आल्या की शांतता कशी नांदते, याचं उदाहरण म्हणून मला मेहकरला भाषणालाही नेलं. मी तिथे काय बोलले ते मला आठवत नाही. खरं बोलले नाही एवढं नक्की.

यंदा मी ठरवलं, बस झालं. पोळ्याला लेकीकडे नांदुऱ्याला जायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांना आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. गल्लीत तेच चाललं होतं आणि मी पिशवी भरत होते. तेवढ्यात धाकट्या घरची सून दारात आली. हाताला अजून हळद होती.

"वयनी, तुमी उद्या नाई म्हणतेत?"

"हाव. पोरीकडे चालली."

ती उंबऱ्यावरच बसली. "माया पोट्टा औंदा पयल्यांदा बैल धरून राह्यला. त्याच्या बापानं त्याच्यासाठी काठीले तेल लावलं. थोरल्याईनं बी पोट्टे बलावले पुण्याहून. तुमी असल्या की समद्याईचं ध्यान तुमच्यावर राह्यते. नाई गेल्या त कोनाचं तरी डोक्शं फुटन."

"फुटू दे," मी म्हटलं. "कोनाले दिसत नाई आपल्या गावात."

तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं कोणीतरी घाबरलेलं मी पाहत होते. तिने माझे पाय धरले आणि हळद माझ्या साडीला लागली.

"येते," मी शेवटी म्हटलं. "पन झडती तुया पोट्ट्यानं म्हनाची. एक हात कानाले, दुसऱ्यात बैलाचा कासरा. काठी घरी."

"थो तुमाले शिव्या देईन?"

"तू रचून दे. नवी दे, जुनी शिळी झाली."

दुसऱ्या दिवशी मी लाल साडी नेसले. पोरगा पुढे आला, मिसरूड फुटलेला, बापासारखाच रुंद खांद्यांचा. त्याने कानाला हात लावला, पहिली ओळ ठणकावून म्हटली. दुसरीत माझा मेलेला नवरा आला आणि तो अडखळला. त्याने बापाकडे पाहिलं. बाप बैलाच्या खुरांकडे पाहत होता. म्हणजे पोराला ठाऊक होतं. थोरल्या घरची पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"म्हन बाबू," मी म्हटलं. "अटकू नको."

त्याने डोळे मिटून ती ओळ म्हटली. मी त्याचे हात पाहत होते. दोन्ही गुंतलेले होते.