टोपलीवाल्या आजीचा तीनचा खेळ

सत्तावन्न साली बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून जी पोरं शाळेत जात होती, त्यातल्या निम्म्याहून अधिक पोरांना रंभाबाईंनी न्हाऊ घातलं होतं. न्हाणीत पाट टाकून त्या पाय लांब करून बसायच्या, बाळ नडगीवर पालथं घ्यायच्या आणि तेलाचा हात सुरू करायच्या. बाळंतीण दाराला टेकून डुलक्या घ्यायला मोकळी. दुसरीच्या हातात चार दिवसांचं पोर देऊन आई झोपते, याहून मोठा मान बाईमाणसाला कोण देणार? रंभाबाईंना तो मिळालेला होता, आणि मिळालाय हे त्यांना पक्कं ठाऊकही होतं. थोडा तोराच होता म्हणा ना. पाणी जरा कडक निघालं की त्या घरच्या सासूलाही झापायच्या, आणि सासू मुकाट्यानं गार पाण्याचा तांब्या आणून द्यायची.

तेलाची बाटली, हळद, डाळीचं पीठ, ओवा, धुरीची मातीची वाटी असं सगळं सामान त्या एका बांबूच्या टोपलीत घालून डोक्यावरून न्यायच्या. त्या टोपलीमुळेच त्यांना टोपलीवाली आजी हे नाव पडलं. टोपलीवाली आजी म्हणजे तापीकाठची एक जुनी गोष्ट, तिथल्या प्रत्येक आईनं पोराला सांगितलेली. रडकं मूल दिसलं की एक म्हातारी येते, त्याला टोपलीत बसवते, नदीच्या काठाकाठानं फिरवते, बगळे दाखवते, कासव दाखवते आणि दिवेलागणीच्या आत हसतं करून आईच्या ओटीत आणून घालते. शाळेच्या जुन्या मराठी पुस्तकात ती चित्रासकट होती. रंभाबाई ती नुसती सांगत नसत, करूनच दाखवत. सामान खाली काढायचं, रडणारं पोर टोपलीत घालायचं आणि अंगणात तीन फेऱ्या मारायच्या. पोर हसेपर्यंत टोपली खाली यायची नाही.

छप्पन्न साली राज्यांची उलथापालथ झाली. बुऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं, पण राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून हिंदी होऊ लागले आणि ते चित्राचं पुस्तकही गेलं. रंभाबाईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. पुस्तक गेलं तर जाऊ दे, आम्ही आहोत ना, असं त्या म्हणायच्या.

त्यांना सत्तावन्न साली दुसरंच वेड लागलेलं होतं. त्यांची एकुलती एक लेक सुनंदा शहापूरला केळीवाल्यांच्या घरी दिलेली. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रंभाबाईंच्या घरी, हे तर ठरलेलंच. चाळीस वर्षं लोकांची पोरं न्हाऊ घातली, आता आपल्या लेकीचं नडगीवर घ्यायचं. नवरा गिरणीत होता तेव्हाची मऊ धोतरं त्यांनी फाडून, उकळून, दुपट्यांसाठी घडी करून ठेवली होती. ज्या घरी जायच्या तिथं विषय निघो न निघो, सुनंदाचा कितवा महिना ते सांगायच्या. बायका मागून हसायच्या, पण ते हसणं मायेचं होतं.

अशात टॉकीजचे लीलाधरशेठ एका सकाळी स्वतः दारात आले. मुंबईहून नवा पिक्चर येणार होता, 'काली टोकरी'. टोपलीवाल्या आजीचीच गोष्ट. शेठ म्हणाले, "रंभाबाई, आपल्या गावची चीज आहे. मी टांग्यावर बोर्ड लावतो, भोंगा लावतो, तुम्ही टोपली घेऊन बसा. बायका माझं नाही, तुमचं ऐकतील."

शेठनं पिक्चर पाहिला नव्हता. रंभाबाईंना विचारावंसंही वाटलं नाही. आपल्या लेकराच्या बारशाला जाताना कुणी बारसंच आहे ना म्हणून विचारतं का? गोष्ट तीच, म्हातारी तीच. त्यांनी नवं लुगडं नेसलं, टोपलीला गेरू लावला आणि टांग्यात चढल्या. दोन दिवस इतवारा, शनवारा, राजपुरा, सगळीकडे ढोल वाजवत टांगा फिरला. भोंग्यातून रंभाबाई नाव घेऊन घेऊन बोलावत होत्या, "शारदे, पोरीले घेऊन ये. उषाबाई, तुमच्या जुळ्यायले आना. तीनचा खेळ आहे, बायकांची जागा येगळी आहे. पोरं रडली तं मी आहे ना." चौकाचौकात त्या पोरांना टोपलीत बसवून उचलत होत्या. शारदेची चार वर्षांची मुलगी तर टोपलीतून उतरायलाच तयार नव्हती. सुनंदालाही निरोप गेला. सहावा महिना लागला होता, तरी तिची सासू मथुराबाई तिला मोटारीनं घेऊन आली. विहिणीची इतकी मिरवणूक निघते म्हटल्यावर कोण घरी बसेल?

बायकांचा कक्ष भरून गेला. शेठनं रंभाबाईंना पहिल्या बाकावर बसवलं, एका अंगाला सुनंदा, दुसऱ्या अंगाला मथुराबाई. दिवे गेले. पडद्यावर म्हातारी आली तशी सगळ्या बायका खुदकन हसल्या, कारण लुगड्याचा ओचा तसाच, चाल तशीच, टोपली तर रंभाबाईंचीच वाटावी. मागून कुणीतरी म्हणालं, "तुमीच आहे वो रंभाबाई." रंभाबाईंनी मागं वळून मान डोलावली.

म्हातारीनं एक रडकं पोर टोपलीत घेतलं आणि ती नदीकाठानं गेली. पडद्यावर नुसती नदी दिसत राहिली. मग म्हातारी परत आली, ती रिकामी टोपली घेऊन.

रंभाबाई शेजारणींना म्हणाल्या, "ठेवलं असन कुठं. आनते आता."

म्हातारीनं दुसरं पोर नेलं. पुन्हा टोपली रिकामी. रंभाबाई जरा मोठ्यानं म्हणाल्या, "थांबा ना, दिवेलागनीले आनते ती परत. गोष्ट तशीच आहे." पडद्यावर दिवेलागण झाली. आया दारात दिवा घेऊन उभ्या राहिल्या आणि कुणी आलं नाही. मग कळलं की म्हातारीचं स्वतःचं पोर गावानं कधीतरी बुडू दिलं होतं आणि ती त्याचा सूड एकेक करून घेत होती. पाण्यावर एक टोपडं तरंगत आलं. हॉलमध्ये एका बाईच्या मांडीवरचं पोर भोकाड पसरणार तोच तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. रंभाबाई तरी बोलतच होत्या, "आनते, आनते." मथुराबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून म्हटलं, "बस करा आता."

शेवटी गावानं म्हातारीला पकडलं आणि धोंड्यांनी ठेचलं. पलीकडे पुरुषांच्या बाकांवरच्या गड्यांनी शिट्ट्या मारल्या, "और मारो" म्हणून ओरडले, एकानं टोपी उडवली. दिवे लागले. आणि ज्या ज्या बाईला रंभाबाईंनी भोंग्यातून नावानं बोलावलं होतं, त्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. शारदेची मुलगी आईच्या कडेवरून वळली, तिला टोपलीवाली आजी दिसली आणि ती अशी किंचाळली की तिला आकडी येते की काय असं वाटलं. रंभाबाई सवयीनं हात पुढे करून उठल्या. शारदा दोन पावलं मागं सरली.

मला त्या गावाचा राग येतो तो इथून पुढचा. पिक्चर बनवणारा मुंबईत होता, तो काही कुणाला ओळखत नव्हता. हे तर ओळखत होते. पण उद्या येऊ नका, बाळाला सर्दी आहे, असं पहिल्या दिवशी शारदेच्या घरून कळलं. मग उषाबाईंकडे माहेरची बाई आली. मग एका घरी अंघोळ संध्याकाळची केली, एका घरी तेल सोसेना झालं. कुणीही तोंडावर खरं बोललं नाही, सगळ्यांनी गोड बोलून दार लावलं. पोरांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. त्यांनी फुटकी टोपली आणली, तीत चिंधीची बाहुली घातली आणि रंभाबाईंच्या उंबऱ्यात पाणी ओतून ठेवून दिली. आया दारात उभ्या राहून पाहत होत्या. एकीनंही पोराच्या पाठीत धपाटा घातला नाही.

रंभाबाईंनी त्यात आणखी एक चूक केली. त्या खरी गोष्ट सांगायला घरोघर जाऊ लागल्या. "असं नाही बाई ते. ती परत आनते. पुस्तकात चित्र होतं, तुम्हीच वाचलं ना शाळेत?" बायका मान हलवत ऐकत आणि पोराला पाठीमागं ढकलत. पुस्तक कुणाकडे उरलेलं नव्हतं, आणि पिक्चर तर अजून चालूच होता. तिसऱ्या आठवड्यात लीलाधरशेठ पुन्हा आले. म्हणाले, "रंभाबाई, टॉकीजच्या दरवाज्याशी उभ्या राहता का? पब्लिकले मजा येऊन राहिली." रंभाबाईंनी दार लावून घेतलं, पण शेठला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. खेळ भरूनच जात होते.

एवढं सगळं होऊनही रंभाबाई खचल्या नव्हत्या, कारण सुनंदा यायची होती. गावानं टाकलं तरी लेकीचं पोर कुठं जातं? सातवा लागला, ओटीभरणाचं सामान आणलं. जावई दत्तात्रय एकटाच आला, अंगणात उभ्यानंच म्हणाला, "डाक्टरीन म्हनते, मोटारीत बसवू नका." आठव्यात निरोपच आला नाही. नवव्यात त्यांनी तीन वेळा निरोप पाठवला. मग एके दिवशी केळीच्या गाडीवाल्यानं जाता जाता सांगितलं, "मावशी, मुलगी झाली तुमच्या सुनंदाले. आज सहा दिवस झाले." त्याला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल.

बाराव्या दिवशी रंभाबाई बिनबोलावता शहापूरला गेल्या. सामानाची टोपली त्यांनी घरीच ठेवली. दुपटी पिशवीत घातली होती. केळीच्या बागेला लागून घर, दारात बारशाचा मांडव. त्या पोचल्या ती नेमकी बाळाच्या अंघोळीची वेळ होती. न्हाणीतून रडणं येत होतं. नात पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडली ती अशी. रडण्याचा तो चिरका सूर चाळीस वर्षांच्या कानाला लगेच कळला. पाणी कडक होतं.

"पानी उतरवा," त्या अंगणातूनच म्हणाल्या, "पोळते तिले."

मथुराबाई न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. "विहीनबाई, बसा. च्या ठेवते."

"च्या नको. आधी पानी उतरवा."

"आमची बाई करते सगळं," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "वाईट नका वाटू देऊ. पोटुशी बाईनं जे पाहिलं ते पोटात उतरते. पोरीनं तुमच्या बाजूले बसून ते सगळं पाहिलं. आता पोरीच्या पोरीनं तरी तुमचं तोंड पाहू नये."

रंभाबाईंनी त्यांच्यावरून नजर काढून घेतली. सासवा काय, बोलतातच. त्या लेकीला शोधत होत्या. सुनंदा खोलीतून आली, न्हाणीतून बाळ घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि अंगणाच्या पलीकडच्या कडेला उभी राहिली. बाळ रडतच होतं. अंग लालबुंद झालेलं.

"सुने, दे इकडं," रंभाबाई म्हणाल्या. "खोबरेल लाव, नाहीतर फोड येईन."

"माय, तिथूनच पाह्य," सुनंदा म्हणाली. "हात नको लावू."

"तुले मी न्हाऊ घातलं. तुले टोपलीत फिरवलं. मी परत आनलं नाही का तुले?"

"आनलं." सुनंदा रडायला लागली. "मले सगळं माहीत आहे, माय. पन डोळे मिटले का तूच दिसते. रिकामी टोपली घेऊन येते. चार महिने झाले, रोज येते. मीच सांगितलं या लोकायले का मले माहेरी धाडू नका. सासूनं नाही सांगितलं, मी सांगितलं."

रंभाबाईंनी दुपट्यांची पिशवी ओसरीच्या कडेवर ठेवली. मथुराबाईंनी ती उचलली नाही, ढकललीही नाही. बाळाचं रडणं वाढत चाललं होतं, श्वास अडकून पुन्हा उसळणारं. अशा रडण्यावर काय करायचं ते त्या अंगणात एकाच बाईला येत होतं. तिचे हात दोनदा वर आले आणि तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.

त्या मांडवाबाहेर पडल्या. बागेच्या बांधापर्यंत गेल्या असतील नसतील, मागून लेकीचा आवाज आला. बाळाला थोपटत ती म्हणत होती, "उगी, उगी माझी बाई. गेली ती. पाह्य, गेली. आता नाही येत."

पोर काही गप होईना. रंभाबाईंनी मागं पाहिलं नाही. आपण नजरेआड झाल्याशिवाय ते गप व्हायचं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या भराभर चालू लागल्या.