बाबांसाठी मागितलेली मुदत

मंडळी, दुपारी कोर्टातून आले.

आमच्या फतेगंजच्या घरमालकाने घर खाली करायची केस केली आहे. आज बाबांची साक्ष होती. पण गेल्या आठवड्यात त्यांना लकवा झाला आणि वाचाच गेली. आधीच्या घरमालकाशी घराबद्दल तोंडी काय ठरलं होतं, ते फक्त बाबांनाच ठाऊक.

वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले, म्हणून पुढची तारीख मागायचा अर्ज मीच लिहिला. इथल्या कोर्टात अर्ज गुजराती लिपीत लागतो आणि माझी शाळा मराठी. गुजराती फाडफाड बोलते, पण लिहिते देवनागरीत! कारकुनाने कागद परत सरकवला. "बेन, आ नहीं चाले."

मला वाटलं, गेलं घर.

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. जज म्हणाले, "बोलो बेन, शुं छे?"

"साहेब, मारा पप्पा बोली शकता नथी."

बाबा बोलू शकत नाहीत, हे वाक्य मी घरातही अजून मोठ्याने म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवस मिळाले.

घरी आले, तर बाबांची नजर दाराकडेच. "तारीख मिळाली," म्हटलं. ते काहीतरी सांगायला गेले, नुसता घोगरा आवाज निघाला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय? पंधरा दिवसांत माणूस बोलायला लागतो का? 'हो' असेल तरच लिहा.