मेंढ्यांच्या कुरणातलं बंदर

गावात नसलेल्या गोष्टी पाहुण्यांना दाखवायची आमच्या जर्मन घरमालकीण आजींना भारी हौस. उत्तर जर्मनीतल्या समुद्रकाठच्या त्या सपाट, गवताळ गावात आम्ही नोकरीच्या गावाहून, र्युसेल्सहाइमहून, दर उन्हाळ्यात जायचो आणि त्यांच्या वरच्या खोल्यांत उतरायचो. पहिल्याच दिवशी आम्हाला कुरणात उभं करून त्या म्हणाल्या, "हे आमचं बंदर."

"इथे तर नुसत्या मेंढ्या आहेत!" माझी मुलगी जर्मनमध्ये कुरकुरली.

"गेनाऊ! अगदी बरोबर! त्या चरतायत ना, तिथेच जहाजं लागायची." मग चर्चच्या भिंतीतली, जहाजांचे दोर बांधायची लोखंडी कडी त्यांनी तिला धरायला लावली. गाळानं समुद्र मागे हटला, माणसांनी बांध घालून त्याला आणखी रेटलं, आणि बंदराचं कुरण झालं. ती कडी बघायला लोक लांबून यायचे.

आजी चहात खडीसाखर आणि साय घालून द्यायच्या, पण ढवळू द्यायच्या नाहीत. माझा हात चमच्याकडे गेला की ओरडायच्या, "थांब! गोड तळाशी असतं."

"ऐका जरा," बायको म्हणायची. "घरी कुणाचं ऐकत नाही तुम्ही."

एका उन्हाळ्यात तिथे असतानाच सांगलीहून सुरेशदादाचा फोन आला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तो एकटा करत होता. "माझ्यानं आता होत नाही रे." मी "बघू" म्हणालो. दर वेळी तेच म्हणायचो.

माझा चेहरा बघून आजींनी विचारलं. दर वेळी दादाला टाळतो हे, कधी कुणाला न सांगितलेलं, मी सांगून टाकलं. त्या मला समुद्राच्या बांधावर घेऊन गेल्या आणि सांगू लागल्या. पूर्वी तिथे प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा एकेक तुकडा असे. तो राखणं ज्याला झेपेना, तो बांधात फावडं रोवून, जमीन सोडून निघून जाई. ते जो उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचाच.

"रोवणाऱ्याला लोक नावं ठेवायचे?" मी विचारलं.

"दमलेल्या माणसाला काय बोलायचं? पण बाकीच्यांनी बघत उभं राहून कसं चालेल? पाणी थांबतं का?"

तिथूनच दादाला फोन लावला. "आईला मी बघतो."

"कुठून? व्हिडिओवरून?"

"येऊन."

दादा म्हणाला, "ये लवकर. रोज माझ्याशी भांडते, जरा तुझ्याशी भांडू दे."

नोकरी सोडून मी सांगलीला आलो. शाळेचं वर्ष संपल्यावर मायलेकी आल्या. पुढे आजी गेल्याचं कळलं. आईचा शेवटचा काळ मला मिळाला, तो त्यांच्यामुळे.

शेवटी शेवटी आई मला "सुरेश" म्हणून हाक मारायची. पहिल्यांदा मी तिला दुरुस्त केलं. मग नुसतं "ओ" द्यायला लागलो.