बसण्याचा अभ्यास

बसणं या गोष्टीचा आमच्या साडूंइतका खोल विचार केलेला माणूस अख्ख्या मावळ तालुक्यात सापडायचा नाही. आपण सगळे बसतो. खुर्ची दिसली की बसतो, नाही दिसली तर कट्टा शोधतो, तोही नसला तर ‘चला, निघू या’ म्हणतो. साडूंचं तसं नाही. ते कुणाच्याही घरी गेले की आधी दारात उभे राहतात, मान जराशी तिरकी करतात, वारा कुठून येतोय, उजेड कुठवर येऊन थांबतोय, घरातली माणसं कुठून कुठे जातायत हे सगळं डोळ्यांत भरून घेतात आणि मग सोफा, दिवाण, खुर्ची या सगळ्यांचा अपमान करून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. लोणावळ्याच्या आमच्या घरात त्यांची लाडकी जागा म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा. एक पाय हॉलमध्ये, एक आत. माझी बायको, म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण, हातात पोह्यांच्या दोन बशा घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी असते. “भावोजी, तिन्हीसांजा झाल्यात, उंबऱ्यावरून उठा बरं!” साडू वर बघतात आणि झोपेतून बोलावं तसं म्हणतात, “ताई, या घरात सगळे सारखे इथूनच जातात. म्हणजे घर खरं तर इथे आहे. बाकीच्या नुसत्या खोल्या.” तोवर पोहे गार झालेले असतात.

मुळात साडू आर्किटेक्ट. तळेगावात त्यांचं ऑफिस होतं आणि वीस वर्षं त्यांनी हाउसिंग सोसायट्यांचे नकाशे काढले. सुखाचा संसार चालला होता. एके दिवशी दुपारी ते त्यांच्याच एका इमारतीत गच्चीची गळती बघायला गेले. बागेत त्यांनी मोठ्या हौसेने तीन बाकं आखली होती. त्यांवर चिटपाखरू नव्हतं. सोसायटीतली सगळी म्हातारी माणसं पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या कडेवर ओळीने बसून गप्पा मारत होती. साडू तासभर मोटरसायकलींच्या मागे उभे राहून ते बघत राहिले. गळतीचं विसरले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “वीस वर्षं मी माणसांना कुठे बसायचं ते सांगत होतो, आणि ती बसतात कुठे हे मला माहीतच नाही.” पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातलं. विषय विशेष होता. घरातला माणसांचा वावर आणि घराची रचना यांचं नातं. नातेवाइकांना तो शेवटपर्यंत कळला नाही. आमच्या सासूबाई तर त्यांना तिजोरीचं तोंड कुठल्या दिशेला असावं हेच विचारत राहिल्या. साडूही प्रामाणिकपणे सांगत, “आई, तुम्ही कुठे बसता त्यावर आहे ते.”

वर्गात सगळी पोरं तेवीस-चोवीस वर्षांची. त्यांनी साडूंना आधी ‘सर’ म्हटलं, मग ‘काका’, आणि सहा महिन्यांनी नुसतंच ‘अहो’. प्रबंधासाठी ज्या मॅडम त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभल्या, त्या कधीकाळी साडूंच्याच ऑफिसात उमेदवारी करायच्या. आता त्या लाल पेनाने साडूंच्या पानांवर रेघा मारत आणि शेवटी ‘सर, हे परत करा’ असं आदराने लिहीत. साडूंना याचं काहीच वाटायचं नाही. मी गणिताचा मास्तर, मला मात्र फार वाटायचं. आपल्या हाताखालच्या माणसाकडून पेपर तपासून घ्यायचे म्हणजे काय! पण साडूंच्या तब्येतीला मान-अपमान मानवतच नाहीत. ते तिथे हजर नसतातच मुळी.

ते कुठे असतात हे सांगणं अवघड आहे. वडगावला आमच्या पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू असताना साडू कार्यालयाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून, ओठ हलवत, बोटाने खुर्च्या मोजत होते. माणसं खुर्च्यांवर बसताना मध्ये किती जागा सोडतात, याचा शोध चालला होता. वरमाईच्या भावाला वाटलं, हा आचाऱ्याचा माणूस, ताटांचा अंदाज घेतोय. त्याने खांद्यावर हात ठेवून विचारलं, “अजून किती पंगती होतील?” साडूंनी गंभीरपणे उत्तर दिलं, “सांगता येणार नाही. लोक तिसऱ्या खुर्चीवर पिशवी ठेवतात.” त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या आणि जेवताना मठ्ठ्याचा पेला घ्यायला हात उघडला तेव्हा जिलबीवर पडल्या.

प्रबंधाच्या काळात ते दर गुरुवारी स्कूटरवरून तळेगावहून कामशेतला यायचे आणि तिथून पवनेच्या रस्त्याला वळायचे. निदान वळायचं ठरलेलं असायचं. पावसाळ्यात धुकं उतरलं आणि साडू विचारात असले की कामशेतचं वळण निघून जाई आणि अर्ध्या-पाऊण तासाने आमच्या दारात भिजलेला रेनकोट उभा राही. “साडूभाऊ, लोणावळा आलं वाटतं,” असं ते म्हणत, जणू गावच त्यांच्याकडे चालत आलंय. मग उंबऱ्यावर बसून चहा होई. खिडकीतून धुकं आत येऊन भांड्यांच्या फळीपर्यंत पोचलेलं असायचं आणि साडू हळू आवाजात त्यांच्या अभ्यासाचं सांगत असायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी ऐकायला बरं वाटायचं. मास्तर झाल्यापासून मला असं कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

अभ्यास असा होता. पवनेच्या बाजूला एका वाडीत त्यांनी एक शेतकऱ्याचं घर निवडलं होतं. कौलारू, नांदतं, पुढे अंगण, मग तीन खांबांची लांब पडवी, आत माजघर आणि चूल. घरात भाऊ आणि मावशी हे नवराबायको, दोघं साठीच्या आतबाहेरची, आणि एक कुत्रं. साडू गुरुवारी दुपारी दोन ते पाच पडवीत बसायचे आणि दर पंधरा मिनिटांनी घराच्या नकाशावर रंगीत ठिपके द्यायचे. पुरुष बसला तिथे निळा ठिपका, बाई बसली तिथे लाल. कुत्र्यासाठी पिवळा. गुरुवारच का, तर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, पंखा नाही, आणि माणसं जिथे बसायची तिथे बसतात. “खरं घर गुरुवारी दिसतं, साडूभाऊ,” असं ते म्हणायचे. आठ महिने त्यांनी ठिपके दिले. शेवटी नकाशात एक चित्र उमटलं. निळे ठिपके सगळे पडवीत, लाल सगळे चुलीपाशी. पिवळे सगळीकडे. त्यावरून साडूंनी चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. या घरातली पडवी पुरुषांची आहे, बाईचा ओढा आतल्या बाजूला, चुलीकडे आहे, असा त्याचा मथितार्थ. मॅडमनी त्यावर पहिल्यांदाच लाल रेघ मारली नाही. मुदतवाढ एकदा मिळून संपली होती, दुसरी मिळणार नव्हती, आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. या वेळी पदवी नाही म्हणजे ती कधीच नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्यातच मॅडमनी विचारलं, एका नकाशात पडवीचा मधला खांब सहा इंचांचा आणि दुसऱ्यात सातचा कसा? साडूंची स्कूटर दुरुस्तीला होती. मला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. वार मंगळवार.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा मावशी पडवीत बसल्या होत्या. मधल्या खांबाला पाठ टेकून, पाय लांब सोडून, घोंगडीवर. मांडीवर सुपात लसूण. रस्त्याने चाललेल्या एका बाईशी त्यांचं बोलणं चाललं होतं, मध्येच भाऊंना गोठ्यातलं काही सांगत होत्या, कुत्र्याला दटावत होत्या. त्या जागेवरून सगळं राज्य चाललं होतं. आम्हाला बघितल्यावर त्या गुडघ्यावर हात रेटत लगबगीने उठल्या, पदर नीट केला, घोंगडी झटकून पुन्हा खांबाशी सारली. “या सर, या. आज मंगळवारचं कसं काय? बसा.” आणि सूप उचलून आत निघाल्या.

साडू सवयीने खांबाला टेकून बसले. आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी घोंगडीवर तळवा ठेवला. मग हळूच मला म्हणाले, “गरम आहे.”

मला काही समजेना. त्यांनी आत हाक मारली, “मावशी, तुम्ही इथं बसता?”

“बसते की. रोजच बसते,” मावशी आतूनच म्हणाल्या. “पाठ टेकाया बरं पडतं, आन् रस्ता बी दिसतो.”

“मग मी येतो त्या दिवशी?”

मावशी दारात आल्या. त्यांना हसू येत होतं. “तुमी आल्यावर मी कशी बसनार? पावन्याला बसवायला दुसरी जागा हाय का चांगली? बेस्तरवारी मी चुलीपाशी बसते. धूर लागतो जरा डोळ्याला, पर काय न्हाई. एका दिसाचं तर हाय.”

खांब मोजायचा राहिला. परत येताना कामशेतच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा साडू म्हणाले, “आठ महिने, साडूभाऊ. आठ महिने मी त्या बाईच्या जागेवर बसलो, तिला धुरात पाठवलं, आणि वर चाळीस पानं लिहिली की तिला धुरातच आवडतं.” मी मास्तरकी करायला गेलो, की चूक एका ठिपक्याची आहे, बाकी गणित बरोबर आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच लाज वाटली.

मॅडमनी समजुतीने सांगितलं, “सर, शेवटी ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून दोन ओळी लिहा आणि देऊन टाका.” सगळे देतात, असंही त्या म्हणाल्या. साडूंच्या बायकोने सांगितलं, मी सांगितलं. साडू ऐकेनात. उरलेल्या दिवसांत खरे ठिपके मिळवायचे, असा त्यांनी ध्यास घेतला. मावशींना म्हणाले, “तुम्ही तुमच्या जागेवर बसा, मी अंगणात बसतो.” मावशींनी अंगणात खुर्ची आणून दिली आणि पाहुणा उन्हात बसलाय म्हणून स्वतः दारात ताटकळत उभ्या राहिल्या. मग साडू लांब बांधावर, आंब्याच्या आडोशाला जाऊन बसले. दहा मिनिटांत भाऊ एका हातात छत्री आणि एका हातात चहा घेऊन बांध तुडवत आले. चेहरा पडलेला. “सर, आमचं काय चुकलं का? घरात न बसता हितं का बसलाय? वाडी इचारतीया, सर रुसलं का म्हून.” साडूंनी चहा घेतला आणि भाऊंबरोबर निमूटपणे पडवीत आले. मावशी आत गेल्या.

अखेर त्यांनी प्रबंध दिला तो असा. चाळीस पानांवर एक तिरकी रेघ, आणि त्यापुढे नऊ नवी पानं. आपण कुठे बसलो, त्यामुळे कोण उठलं आणि ते आपल्याला आठ महिने कसं दिसलं नाही, हे त्यात सरळ लिहिलेलं. मी ती पानं वाचली आहेत. मराठीतून लिहिली असती तर शाळेत मुलांना वाचून दाखवली असती, इतकी ती चांगली आहेत. परीक्षक बाहेरून आलेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “मग निष्कर्ष काय धरायचा?” साडू म्हणाले, “निष्कर्ष नाही. एक चूक आहे, ती नीट मोजली आहे.” परीक्षक हसले, पानं आवडल्याचंही म्हणाले, आणि निरीक्षणं नव्याने करून पुढच्या वर्षी या असा शेरा दिला. त्यांचंही चुकलं नाही. फक्त साडूंना पुढचं वर्ष नव्हतं. पदवी गेली.

साडू पुन्हा ऑफिसात बसू लागले. बोलायचे कमी. आमच्याकडे आले की सोफ्यावर बसायचे, तेव्हा माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं. थंडीत मीच निमित्त काढलं. कामशेतला नवा तांदूळ घ्यायचाय, चला. तांदूळ घेतला आणि काही न बोलता गाडी पवनेच्या रस्त्याला वळवली. भात काढून झालं होतं, खाचरं मोकळी पडली होती आणि दुपारच्या उन्हात सगळ्या दरीवर एक पातळ, निळसर धूर तरंगत होता. अंगणात शिरलो. मावशी मधल्या खांबाला टेकून वाल निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, बघितलं, आणि उठल्या नाहीत.

“आलात व्हय?” म्हणाल्या. “बसा की कुटं बी. लय दिसांनी आलात. मालक रानात गेल्यात, यतील.” आणि पुन्हा वालात हात घातला.

साडू पायरीवर बसले, मी त्यांच्या शेजारी. कुत्रं येऊन त्यांच्या पायाशी पडलं. मागे सुपात वाल पडल्याचा आवाज येत होता, मध्येच मावशी स्वतःशी काही पुटपुटत होत्या. ज्या एका ठिपक्यासाठी हा माणूस दोन वर्षं झिजला, तो आमच्या मागे तीन हातांवर बसला होता, आणि आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. मला राहवेना. मी साडूंना कोपराने ढोसलं, “अहो, मागे बघा तरी एकदा.”

साडूंनी मान हलवली. “नको, साडूभाऊ,” ते अगदी हळू म्हणाले. “मी बघतोय असं वाटलं तर त्या उठतील.”

मग आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिलो.