टेकडीवरचा आमचुराचा ढीग

आमचूर, म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी, विकत घेणं सोपं, पण ते धडगावच्या डोंगरातून बाहेर काढणं सोपं नाही, असं मला घरच्या सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. मी कसली ऐकते! आम्ही तापीकाठचे गुजर, केळी आणि ऊस सोडून आमच्यात कुणी दुसऱ्या कशात हात घातलेला नाही. पण पुण्याचा एक मसालेवाला थेट पाड्यावरून माल घ्यायला तयार झाला आणि मी मध्ये उभी राहिले. अर्धे पैसे त्याने आधीच दिले, ते मी घराघरात वाटले. उरलेले पैसे माल गाडीत भरताना मिळायचे होते, एका अटीवर: प्रत्येक घराचा माल वेगळा मोजायचा आणि पैसे त्या त्या घराच्या खात्यात जायचे. माझ्या शब्दावर पाड्याने नेहमीच्या व्यापाऱ्याला यंदा परत पाठवलं होतं. अट मोडली असती तर त्यांची उन्हाळाभराची मेहनत तशीच पडून राहिली असती.

आम्ही पोचलो तर खाली उतरणारा रस्ता कामासाठी खणून ठेवलेला. पाडा दरीत आणि आमची पिकअप वर टेकडीवर. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, आते काय करशात?" मला काय माहीत! मी खाली उतरले ती चिडूनच.

पाड्याच्या कारभाऱ्याने, म्हणजे तिथल्या जाणत्या म्हाताऱ्याने, नुसती हाक दिली. इकडे याला लाह म्हणतात. एकाचं काम अडलं की सगळे येतात. मजुरी नाही, काम झालं की सगळ्यांना जेवण. बघता बघता घरं रिकामी झाली. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, गुजरातेतून ऊसतोड करून नुकतेच परतलेले पुरुष आले. ती उभी चढण मला रिकाम्या हातांनी चढवेना, आणि ही माणसं डोक्यावर ओझं घेऊन, एकमेकांची चेष्टा करत चालली होती. मी दर वळणावर थांबायचे, दम लागला म्हणून आणि बघत राहावंसं वाटलं म्हणूनही. अख्खी टेकडी चालत होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

वर पोचले तर काय! ताडपत्रीवर आमचुराचा एकच मोठा ढीग होता. भरलेलं पोतं म्हाताऱ्यांना कसं उचलणार? म्हणून घराघराची पोती खालीच उसवून त्यांनी लहानमोठी गाठोडी बांधली होती. ज्याला जेवढं झेपलं तेवढं त्याने आणलं आणि वर ओतलं.

"हाई आते कोनं शे?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुणाचं किती, हे आता कसं कळणार?" मी कारभाऱ्यावर जवळजवळ ओरडलेच.

"विचार ना त्यांना," तो शांतपणे म्हणाला. इकडे लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

विचार म्हणे! आमच्या गावच्या सोसायटीच्या सभा मी पाहिल्या आहेत. प्रत्येक जण चार टोपल्या वाढवून सांगणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण दुसरा इलाज नव्हता. एक टोपली काट्याला लावून तिचं वजन घेतलं आणि घराघराला विचारायला लागले. लोक बोटांवर मोजून सांगत होते. एका बाईने आकडा सांगितला, जरा घुटमळली आणि एक टोपली कमी करायला लावली. पोरांनी वाळत घातलेल्या फोडी मीठ लावून खाल्ल्या होत्या म्हणे.

ज्याने जेवढं सांगितलं तेवढं मोजून त्याच्या पोत्यात भरत गेलो. शेवटच्या घराचं पोतं शिवलं तरी ताडपत्रीवर ढीग शिल्लक होता. मी सगळं पुन्हा मोजलं. शिल्लक होताच. दुसऱ्याचं आपल्याकडे येऊ नये म्हणून प्रत्येकाने थोडं कमीच सांगितलं होतं.

रेंज टेकडीवरच होती. मी पुण्याला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

"मग वेगळं कसं केलंत?" त्याने विचारलं.

"विचारून."

"आणि जमला हिशेब?"

"नाही," मी म्हटलं, "माल उरला."

तो म्हणाला, "सगळ्या घरांचे पैसे आत्ताच टाकतो. उरलेल्याचे कुणाच्या खात्यात टाकू?"

मी फोन तसाच धरून मोठ्याने विचारलं, "हे उरलेलं कुणाचं?" सगळे ढिगाकडे बघत उभे होते. कुणीच पुढे आलं नाही.