घरच्या घरी पर्यावरणशास्त्र

कॉलेजात किस्से घडतात म्हणे. घडत असतील. पण घरी बसून शिकणाऱ्यांकडे ते जास्त साठतात, कारण आपल्या वर्गात सासूबाई, दूधवाला, कुकर आणि शेजारीण असे सगळेच हजर असतात! आम्ही तिघं आता भेटलो की "ते आठवतंय का" म्हणून जे सुरू होतो, ते कॉफी पार गार झाल्यावरच थांबतो.

तिघं म्हणजे मी, शोभाअक्का आणि मंदार. मी मल्लेश्वरमला राहते. माहेर सांगली, नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. शोभाअक्का चामराजपेटच्या, साठीला टेकलेल्या. त्यांच्या घरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली, त्यामुळे अर्धी कानडी. मंदार पुण्याचा, तिशीतला, व्हाइटफील्डला आयटीत. तिघांनीही दूरशिक्षणानं पर्यावरणशास्त्राच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली होती. पहिल्या रविवारी सेंटरवर वर्ग होता, तिथं मराठी कानावर पडली आणि आम्ही आपोआप एका बाकावर आलो.

ॲडमिशनचं मी भावाला फोनवर सांगितलं. तो काळजीनं म्हणाला, "अगं, पर्यावरणानं तुझं काय वाकडं केलंय?"

* * *

घरी बसून शिकायचं म्हटलं की लोकांना त्यातलं "घरी बसून" तेवढंच ऐकू येतं. मी पुस्तक उघडलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सापडेनासं व्हायचं. सासूबाईंना चष्मा, नवऱ्याला मोजे, मुलीला स्वतःचा फोन!

शेवटी एक दिवस मी बाहेर जायचा ड्रेस घातला, पर्स खांद्याला लावली, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "आई, मी कॉलेजला जातेय." आणि बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

सासूबाई आधी बघतच राहिल्या. पण त्या निवृत्त मुख्याध्यापिका. शिस्तीचं काम दिसलं की त्यांच्या अंगात येतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. एकदा समोरच्या वसंताआंटी आल्या. मी कुठं आहे म्हणून विचारलं.

"कॉलेजला गेलीय," सासूबाई म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच मला शिंक आली. साधीसुधी नाही, भिंत हादरेल अशी! वसंताआंटींनी दाराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

सासूबाई जराही हलल्या नाहीत. म्हणाल्या, "कॉलेज जवळच आहे!"

* * *

आठवड्यात एक तास ऑनलाइन असायचा. सर ध्वनिप्रदूषण शिकवत होते. सलग आवाज म्हणजे काय, थांबून थांबून येणारा आवाज म्हणजे काय. "दुसऱ्या प्रकाराचं कुणी उदाहरण देईल का?"

सगळे नोट्स चाळायला लागले. आणि तेवढ्यात शोभाअक्कांच्या माइकमधून कुकरची अशी काही शिट्टी झाली, की मंदारनं कानातला हेडफोन काढून फेकला.

सर खूश झाले. "एक्सलंट! शोभाअक्का, करेक्ट उदाहरण!"

अक्कांनी कॅमेऱ्यात डोकावून नम्रपणे सांगितलं, "सर, अजून दोन उदाहरणं यायची आहेत. राजमा आहे."

* * *

घनकचऱ्याच्या प्रोजेक्टसाठी मंदारनं फ्लॅटच्या बाल्कनीत खताचा ड्रम ठेवला. अकराव्या मजल्यावर! पंधरवड्यात वास लिफ्टपर्यंत पोचला. सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले आणि म्हणाले, "एक तर ड्रम जाईल, नाहीतर तुम्ही."

मंदारनं रडवेल्या आवाजात फोन केला. आम्ही दोघी मेट्रोनं व्हाइटफील्डला गेलो. अक्कांनी ड्रमचं झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि आत डोकावल्या.

"अय्यो! हे खत नव्हे रे, ही आमटी आहे!"

मंदार म्हणाला, "पण अक्का, मी सगळं नोट्सप्रमाणे केलंय."

"वाळकी पानं किती घातलीस?"

"वाळकी पानं?"

"चौथ्या युनिटात लिहिलंय. तू नोट्स डाउनलोड केल्यास रे, वाचल्या नाहीस!"

तिघांनी मिळून आवारातली वाळकी पानं पोत्यात भरून वर आणली. वॉचमन बघत होता. आयटीतली नोकरी गेली वाटतं बिचाऱ्याची, असा त्याचा चेहरा. पण थरावर थर दिले, रोज ढवळलं, आणि दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं काळंभोर खत तयार झालं. वास मातीचा!

मग एका सकाळी सेक्रेटरी पुन्हा दारात. या वेळी हातात रिकामी कुंडी. "मंदार, आमच्या गुलाबाला स्वल्प मिळेल का?"

मंदारनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मिळेल सर. एक तर ड्रम राहील, नाहीतर तुमचा गुलाब जाईल."

* * *

पाण्याच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही एका तळ्यावर गेलो. पाणी किती गढूळ आहे ते मोजायला काळी-पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडतात आणि कुठपर्यंत दिसते ते बघतात. आम्ही ती माझ्या घरच्या स्टीलच्या ताटलीला रंग देऊन बनवली होती. अक्का पांढऱ्या साडीत, डोक्यावर टोपी, हातात बाटल्या. मंदार दोरी धरून वाकलेला. मी वहीत लिहितेय.

मॉर्निंग वॉकची मंडळी हळूहळू भोवती जमली. एक आजोबा पुढं आले. "शेवटी आलात एकदाचे! किती अर्ज केले आम्ही!"

मी म्हटलं, "अहो, आम्ही सरकारी नाही. विद्यार्थी आहोत."

आजोबांनी अक्कांकडे नीट पाहिलं आणि मला डोळा मारला. "समजलं, समजलं. गुप्त तपासणी!"

मग काय, सगळे बोलायलाच लागले. पलीकडच्या बांधकामाचा सांडपाण्याचा पाइप थेट तळ्यात सोडलाय, हे त्यांनी आम्हाला नेऊन दाखवलं. काळं पाणी धो धो पडत होतं. तेवढ्यात तिथला सुपरवायझर पळत आला. अक्कांना शहाळं पुढं केलं. "मॅडम, आधी हे घ्या."

अक्कांनी शहाळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाइपखाली बाटली धरली, बूच लावलं, बाटली उन्हात धरून बराच वेळ बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. बघू."

पुढच्या रविवारी आम्ही दुसरा नमुना घ्यायला गेलो, तर पाइप उखडलेला आणि तोंड सिमेंटनं बंद! आजोबा लांबूनच सलाम करत आले. रिपोर्टमध्ये "प्रदूषणाचा स्रोत" या मथळ्याखाली काय लिहायचं, हा मंदारला प्रश्न पडला.

अक्का म्हणाल्या, "लिही, घाबरून पळाला."

* * *

परीक्षेला सेंटरवर गेलो, तर दारातल्या मॅडमनी अक्कांना हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

अक्का म्हणाल्या, "पालकच आहे हो. पण पेपर माझा आहे!"

हसत आत गेल्या, पण बाहेर आल्या तेव्हा हसू नव्हतं. लग्नासाठी त्यांचं कॉलेज अर्ध्यात सुटलं होतं. त्यानंतर पेपर असा हा पहिलाच. बोटं आखडली होती. बाकीचे विषय निघाले, रसायनशास्त्र राहिलं. निकाल कळल्यावर त्या फोनवर एकच शब्द बोलल्या, "साकु." म्हणजे पुरे झालं.

मी समजूत घालून थकले. मंदारनं समजूत वगैरे घातली नाही. ऑफिसच्या कॅबमधून येताना ट्रॅफिकमध्ये तो रोज अडकायचाच. त्यानं तिथून अक्कांना फोन लावायला सुरुवात केली. स्पीकरवर!

"अक्का, बीओडी म्हणजे काय?"

"मला नको रे आता."

"बरं, मग मी चुकीचं सांगतो, तुम्ही ऐका."

चुकीचं ऐकून घेणं अक्कांच्या स्वभावात नाही. त्या फोनवर भांडायला लागल्या आणि भांडता भांडता शिकायला लागल्या. पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात, तो बीओडी. हे अक्कांबरोबर कॅबमधल्या सगळ्यांचंच पाठ झालं. एक दिवस नाल्यावरच्या पुलाशी कॅब थांबली, तर ड्रायव्हर खिडकीची काच वर करत म्हणाला, "सर, इधर का बीओडी बहुत ज्यादा होगा!"

फेरपरीक्षेचा निकाल मंदारनं कॅबमध्येच बघितला. तो काही बोलायच्या आत ड्रायव्हर मागं वळला. "अक्का पास आदरा?" म्हणजे, झाल्या का?

मंदारनं हसत मान डोलावली. ड्रायव्हरनं हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना! कॅबमधले सगळे टाळ्या वाजवत होते आणि आजूबाजूच्या गाड्यांना काही कळत नव्हतं. ध्वनिप्रदूषण शिकलेल्या माणसानं ते खुशाल होऊ दिलं.

* * *

अक्कांच्या यजमानांना आम्ही अण्णा म्हणतो. चामराजपेटात त्यांचं पूजासाहित्याचं दुकान आहे. माणूस कमालीचा अबोल. अक्का शिकत होत्या तेवढा काळ त्यांनी ना कधी नको म्हटलं, ना कधी शाब्बास. अक्कांनी पास झाल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा "हूं" म्हणून ते दुकान उघडायला निघून गेले. अक्कांना ते लागलं होतं. फोनवरच्या आवाजावरून मला कळलं.

दोन दिवसांनी मी पेढे घेऊन गेले. अक्का वर घरात कॉफी करत होत्या, म्हणून मी खाली दुकानातच पेढे द्यायला थांबले. गिऱ्हाईक उभं होतं. कापूर, उदबत्ती, नारळ, हळद-कुंकू असं बरंच घेतलं आणि म्हणालं, "कवर कोडी." म्हणजे पिशवी द्या; प्लॅस्टिकच्या पिशवीला इथं कवर म्हणतात.

अण्णा म्हणाले, "कवर इल्ला."

"अहो, मागच्या आठवड्यात तर दिलं होतंत!"

"आता नाही."

गिऱ्हाईक चिडलं. सामान तसंच काउंटरवर ढकललं. "समोरच्या दुकानात देतात!"

अण्णांनी उदबत्तीचा पुडा उचलून शांतपणे जागेवर ठेवला आणि म्हणाले, "देणारच. त्याची बायको कुठं पास झालीय!"