पुसायचं राहून गेलेलं गाणं

वडिलांचा आवाज आमच्याकडे फक्त अडीच मिनिटं उरलाय. तोही आईच्या लाजरेपणाच्या कृपेनं.

वडील फौजेत, आम्ही वडूजजवळच्या गावात. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघांमध्ये एक कॅसेट फिरायची. ते तिच्यात बोलून, गाऊन टपालानं पाठवायचे. आई ती आठवडाभर ऐकायची आणि त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत धाडायची. दुसरी कॅसेट घ्यावी हे आमच्या शहाण्या घराण्यात कुणाला सुचलंच नाही. कितीतरी भजनं आणि रुसवेफुगवे असे एकमेकांखाली पुसून गेले.

आईचं शेवटचं उत्तर टपालात पडायच्या आतच वडील पेन्शनीत निघून घरी आले. कॅसेट फळीवर राहिली. माणूस डोळ्यांसमोर वावरत असताना त्याचा आवाज कोण ऐकत बसतो!

गेल्या वर्षी ते गेले. मी साताऱ्यातून जुना टेप दुरुस्त करून नेला. दुपार होती, बाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास घरभर होता. बराच वेळ नुसती खरखर आली आणि मग तरुणपणची आई बोलू लागली. "म्हस याली, रेडी झालीया. पोरीला ताप आलता, आता बरी हाय. तुमी येळंवर जेवता न्हवं? आता आनि काय बोलू? बास." खट् आवाज झाला आणि मागचं पुसायचं राहिलेलं पुढे आलं. वडील गौळण म्हणत होते, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखे. मी जागी होते की झोपेत, कळेना. आईनं डोळे मिटले होते.

फीत झिजून तुटेल या भीतीनं मी नुसतं गाणं फोनवर उतरवून तिला दिलं. तिनं एकदा ऐकलं आणि फोन परत केला. "ह्यात लगीच गात्यात," म्हणाली, "वाटच बघाय लागत न्हाई."

त्यामुळे रोज दुपारी टेपच लागतो. मी गावी असले की शेजारी पडून ऐकते. म्हैस येते, ताप येतो, आणि आई आपल्याच आवाजावर खेकसते, "बास कर की आता बये, गाऊ दे त्यांस्नी!"

मला मात्र वाटतं, तिनं अजून थोडं बोलावं. तिचाही तेव्हाचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे.